आधी कोरडा अंगठा

कुठल्याही बाईला तेल लावायला बसले की वाटी मी आधी बाजूला सारायची. पदराला हात खसखसून पुसायची, तिच्या घोट्याच्या वर, नडगीच्या हाडावर अंगठा दाबायची आणि मनात दहापर्यंत मोजायची. मग अंगठा उचलून बघत बसायची. घरातल्या बायकांना वाटायचं, हिचं काहीतरी मंत्रबिंत्र चाललंय. एका सासूबाईंनी तर विचारलं, "भागाबाई, कुठल्या देवाचं करता हो हे?" मी म्हटलं, "देवाचं नाही, डॉक्टरणीचं." त्यांचं तोंड उतरलं. देवाचं म्हटलं असतं तर निदान एक नारळ तरी पदरात पडला असता.

आमच्या डिलाईल रोडच्या चाळीतला एक मुलगा आता दिवाळी अंक काढतो. त्याच्या आईला तेल मीच लावलं आणि त्याचं नाकही मीच ओढून सरळ केलं, म्हणून तो माझ्यापुढे नाक वर करून बोलत नाही. "मावशी, तुमच्या कामावर लिहा," म्हणाला. मी मराठी चौथी शिकलेली. त्याला सांगितलं, शुद्धलेखन तुझं, आठवणी माझ्या. त्यात ढवळाढवळ करायची नाही.

माझं काम तेल लावण्याचं. काहीजण मला सुईण म्हणत, पण नाळ मी कधी कापली नाही. माझी सासू सुईण होती. तिने मला फक्त हात दिला, म्हणजे कसा फिरवायचा ते शिकवलं. बाळंतिणीचे पाय तळव्यापासून वर चोळत न्यायचे, वरून खाली कधीच नाही. पाठीला मणक्याच्या दोन्ही बाजूंनी अंगठे चालवायचे, मणक्यावर नाही. पोटावर तळहात फिरवायचा, तो मांजराच्या पाठीवरून फिरवतात तेवढ्याच जोराने. मग कडकडीत पाणी, मग जुन्या मऊ लुगड्याने पोट बांधायचं, मग बाजेवर निजवून खाली शेगडी सरकवायची आणि निखाऱ्यावर ओवा न् बाळंतशोपा टाकायच्या. आमच्या चाळीत बाज एकच होती. ती ज्या खोलीच्या दारात उभी दिसे, तिथे पाळणा हलणार हे अख्ख्या मजल्याला कळे.

गरोदर बाईचं मात्र निराळं. तिच्या पोटाला हात लावायचा नाही. कंबर, पाठ आणि पाय एवढंच चोळायचं, तेही हलक्या हाताने. बाई कुशीवर, पोटाखाली उशी. नवव्या महिन्यात कंबर धरलेल्या बाईला अर्धा तास बरं वाटलं की ती जो उसासा टाकते ना, तो ऐकण्यासाठी मी हे काम केलं असं म्हटलं तरी चालेल. आपल्या हाताखाली एखाद्याचं दुखणं सैल पडतं, याच्यासारखी नशा नाही.

त्या नशेनेच माझा घात केला.

घोडपदेवला माझी एक लांबची नणंद होती, शेवंता. पहिलटकरीण. आठव्या महिन्यात तिचे पाय सुजले. मला बोलावणं आलं. मी तेव्हा पंचविशीची, हाताला चांगलं नाव झालेलं, चालताना जमिनीपासून दोन बोटं वर. दोन दिवस सकाळ-संध्याकाळ पाय चोळले. सूज उतरली. शेवंताची आई सगळ्यांना सांगत सुटली, "भागाच्या हातात जादू आहे." मीही मान खाली घालून हसले, पण मनातून फुगले. तिसऱ्या दिवशी शेवंता म्हणाली, डोकं फार ठणकतंय, डोळ्यांपुढे काजवे चमकतात. मी कपाळाला तेल चोळलं. दुपारी तिला झटके आले. हॉस्पिटलात नेईपर्यंत उशीर झाला होता. शेवंता गेली, पोटातलं बाळही गेलं.

परळच्या त्या हॉस्पिटलात एक डॉक्टरीणबाई होत्या. मी बाकावर बसून ऊर बडवत होते, "काल तर सूज उतरली होती हो बाई, मी स्वतः उतरवली होती." त्या माझ्यापुढे उकिडव्या बसल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाल्या, "बाई, ती सूज खबर घेऊन आली होती. तुम्ही खबर पुसून टाकलीत." मग माझा हात धरून त्यांनी मला वॉर्डात नेलं आणि एका बाईच्या नडगीवर माझाच अंगठा दाबायला लावला. उचलला तर तिथे खळगा. कातडी वर येईचना. "पाय संध्याकाळी सुजतात, सकाळी उतरतात, ते चालतं. पण तोंडावर, हातावर सूज असेल, डोकं दुखत असेल, काजवे दिसत असतील आणि असा खळगा पडत असेल, तर तेलाची वाटी फेकून द्यायची आणि इथे आणायचं. चालत नाही, उचलून."

मी सहा महिने कुणालाही तेल लावलं नाही. सातव्या महिन्यात कुणीतरी गयावया करत आलं म्हणून गेले, पण त्या दिवसापासून आधी कोरडा अंगठा, मग तेल. माझ्या सगळ्या धंद्याचं शहाणपण एवढंच. ते मला दोन जिवांच्या मोलाने मिळालं, आणि त्यातला एकही माझा नव्हता.

आता दुसरी गोष्ट. ही सांगायची तर आधी एक रीत सांगावी लागेल. आजच्या पोरींना ती खोटी वाटेल.

आम्ही तेव्हा महार. पुढे बौद्ध झालो. आमच्या समोरची चाळ कोकणातल्या मराठ्यांची. नळ दोघांना एकच, पण रांगा दोन. गिरणीतही तेच. माझ्या नवऱ्याला विणकाम खात्यात घेत नसत, कारण तिथे मागावरच्या धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, आणि आमच्या तोंडाचा धोटा दुसरा कोण घेणार? तो रिंग खात्यात, सूत कातायला होता. पण समोरच्या चाळीतली बाई बाळंत झाली की तेल लावायला मात्र मी चाले. कशी? तर दहा दिवस बाळंतिणीला सोयर असतं. ती स्वतःच विटाळलेली, मग माझा आणखी काय विटाळ होणार? अकराव्या दिवशी तिला न्हाऊ घालून शुद्ध करत. ती शुद्ध व्हायची, मी होते तिथेच. अकराव्या दिवसापासून मला उंबरठ्याबाहेर ठेवत. तेल लावायला लागतो सव्वा महिना, मला मिळत दहा दिवस. आणि बाळंतपणाच्या आधी, पोटुशी असताना, तर हात लावायचाच नाही. माझा चहाचा कपही वेगळा, कान तुटका, बाहेर गॅलरीत खिळ्याला अडकवलेला. एका घरचा असा कप, मी आता सांगते त्या गोष्टीनंतर दोन वर्षांनी, तिथल्या सुनेच्या हातून "चुकून" पडून फुटला. ती सून म्हणजे सुमन. गोष्ट तिचीच आहे.

सुमन समोरच्या चाळीतल्या सावंतकाकूंची सून. काकू मालवणच्या बाजूच्या. कडक, पण खोट्या नव्हत्या. सुमनचं पहिलं मूल चौथ्या महिन्यातच गेलेलं. आता दुसऱ्या वेळी सातव्या महिन्यापर्यंत नीट आलं म्हणून काकूंनी ओटीभरण दणक्यात केलं. सुमनला हिरवा चुडा भरला. मी आमच्या गॅलरीतून पाहत होते.

दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. रोज प्रभातफेरी, रोज सभा. आमच्या चाळीतले आणि समोरच्या चाळीतले पुरुष खांद्याला खांदा लावून जात. सुमनचा नवरा सत्याग्रहात पकडला गेला, त्याच्याच बरोबर आमच्या चाळीतले तिघे. तुरुंगात सगळे एका पंगतीला जेवत म्हणे. मी नवऱ्याला म्हटलं, "बघा, सरकारने एका दमात केलं ते. आता बाहेर आल्यावर यांना पुन्हा वेगळं वाढायचं का?" तो हसला. पण मला हसू येत नव्हतं. रस्त्यात "झालाच पाहिजे" आणि घरात "पुढे येऊ नको."

आठवा महिना संपत आला आणि एका सकाळी नळावर मला सुमनचा चुडा दिसला. ओटीभरणात मनगटावर खुळखुळणाऱ्या बांगड्या आता हलत नव्हत्या. मांसात रुतून बसल्या होत्या. तोंडही भरल्यासारखं दिसत होतं. मी माझ्या रांगेतून विचारलं, "सुमन, डोकं दुखतं का गं?"

"दुखतं ना भागाताई. काल तर डोळेच उघडवेनात."

मी तशीच काकूंकडे गेले आणि उंबरठ्याबाहेरून म्हटलं, "काकू, सुमनचे पाय जरा बघू द्या. नुसता अंगठा लावते."

काकू तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पोटुशीचे पाय सुजतलेच गो. झिल व्हतलो म्हणून सुजलेत. मी चोळतंय रोज. उतरतत."

उतरतात! मुलगा होणार म्हणून सूज, आणि चोळून उतरते! शेवंताची आईही असंच बोलत होती. मी म्हटलं, "काकू, ती उतरते तेच वाईट आहे." पण जादूवर कौतुक करणारं माणूस भेटतं, जादूला वाईट म्हणणाऱ्यावर विश्वास कोण ठेवतो? काकूंनी सूप आपटलं. "सोयर इला की बोलावतंय तुका. आता जा."

त्याच आठवड्यात गोळीबार झाला आणि कर्फ्यू लागला. करी रोडपासून सगळं सामसूम. रस्त्यात दगड, काचा आणि पोलीस. दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या गॅलरीतून काकूंची हाक आली. "भागा! जरा ये गो. सुमनाक काजवे दिसतत म्हणता."

मी जिना कसा उतरले आणि कसा चढले ते आठवत नाही. दारात पोचले तर सवयीने काकू उंबरठ्यात आडव्या. "हयसूनच सांग, काय करू?"

"काकू, हात लावल्याशिवाय मला दिसत नाही."

"लांबसून सांग गो बाये!"

आम्ही दोघी अशा समोरासमोर. मी आत जाऊ शकत नव्हते आणि काकू बाजूला होऊ शकत नव्हत्या. हट्ट म्हणून नाही हो. त्यांच्या पायांना ते येतच नव्हतं. तेवढ्यात सुमन भिंतीला धरून उठली. दारापाशी आली, खाली बसली, लुगडं घोट्याच्या वर सारलं आणि आपला उजवा पाय उंबरठ्यावरून बाहेर गॅलरीत टाकला.

मी हात पुसले. अंगठा दाबला, दहा मोजले, उचलला. बोर ठेवावं एवढा खळगा.

"काकू, बघा. हे वर येत नाही. शेवंता गेली तिला मी असंच चोळून मारलं. आत्ताच्या आत्ता हॉस्पिटल."

काकूंच्या तोंडी सून नव्हे, लेक आली. "भागा, वाचव गो माझ्या चेडवाक. काय व्हया ता माग. नवीन लुगडं देतंय."

"लुगडं नको. सव्वा महिना तेल मी लावणार. अकराव्या दिवसानंतरही."

अशा वेळी अट घालावी का? मला आजही त्याची लाज वाटते. थोडी. थोडीच. काकूंनी मान हलवली आणि मी खाली धावले.

गाडी मिळणं शक्यच नव्हतं. भाजीवाल्याची हातगाडी होती. तिच्यावर काकूंची गादी टाकली, सुमनला कुशीवर निजवलं आणि वर पांढरी चादर बांबूला बांधली. गाडीला एका बाजूने माझा नवरा, दुसऱ्या बाजूने समोरच्या चाळीतला विणकामवाला. एरवी माझ्या नवऱ्याच्या तोंडचा धोटा त्याने हातात घेतला नसता. मी सुमनच्या उशाशी, काकू मागे अनवाणी.

नाक्यावर हवालदाराने काठी आडवी घातली. "कर्फ्यू आहे, कळत नाही? मागे फिरा."

माझा नवरा हात जोडून बोलू लागला. मी म्हटलं, तुम्ही थांबा. हवालदाराला म्हटलं, "दादा, इकडे या. नुसतं बघा." त्याच्यादेखत सुमनच्या नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. "हे भरून येत नाही. मागे फिरलो तर दोन जीव जातील, एक नाही." तो त्या खळग्याकडे बघत राहिला. त्याच्या घरी कोण होतं कुणास ठाऊक. मग काठी बगलेत मारून आमच्या पुढे चालू लागला, आणि परळच्या पुलापर्यंत पुढच्या प्रत्येक शिपायाला लांबूनच हात करत गेला.

हॉस्पिटलात त्याच डॉक्टरीणबाई होत्या. मला बघून त्यांचा चेहरा क्षणभर पडला. मी म्हटलं, "बाई, या वेळी पुसलं नाही. तशीच आणलीय." त्यांनी माझ्या खांद्यावर थाप मारली आणि सुमनला आत नेलं. आम्ही त्या रात्री तिथेच बाहेर बसून होतो. मी बाकाच्या एका टोकाला, काकू दुसऱ्या टोकाला. मधे हातभर जागा. सकाळी मुलगी झाली. मुठीएवढी, पण रडली ती अशी की वॉर्डबॉय म्हणाला, ही मोर्च्यात चालेल. सुमन वाचली. चाळीतल्या पोरांनी मुलीचं नाव संयुक्ता ठेवायचं ठरवून टाकलं. काकू म्हणाल्या, "त्येच्या बापाशीक सुटान येऊ दे, मग बघू." पण नाव तेच राहिलं.

आठव्या दिवशी सुमन घरी आली. नववा आणि दहावा दिवस मी तेल लावलं. सुमन हाताखाली मेणासारखी सैल पडायची. मी मुलीला पायांवर घेऊन हळद-पिठाचा गोळा फिरवला. काकू कोपऱ्यातून बघत होत्या. अकराव्या दिवशी त्यांनी घर धुतलं, सुमनला न्हाऊ घातलं, गोमूत्र शिंपडलं.

बाराव्या दिवशी बारसं. मी वाटी घेऊन सकाळी गेले. घरात गावाकडची माणसं होती. काकू दारात आल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आज नको. पावणे असत."

मी परत आले. दुसऱ्या दिवशी गेले नाही. शब्द त्यांनी दिला होता, पाळायचा त्यांनी होता. नवरा म्हणाला, "जीव वाचला ना पोरीचा? मग झालं." मी म्हटलं, "झालं नाही. माझा हात मरणाच्या वेळी चालतो, तर जगण्याच्या वेळी का नाही?" असं मी एरवी बोलणारी नव्हे. त्या दिवसांत रस्त्यावरच्या सभा ऐकून माझ्याही जिभेला धार आली असावी. पण रागापेक्षा मला वाईट जास्त वाटत होतं. सुमनचं अंग अवघडलेलं असणार, दूध तटलेलं असणार, आणि काकूंच्या मनगटात संधिवात. अख्खं अंग त्या काय चोळणार? मी गॅलरीत बसून समोरच्या दाराकडे बघायची आणि स्वतःवरच चिडायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी, नळाला पाणी आलं होतं आणि दोन्ही रांगांत बायका उभ्या होत्या. काकू जिना उतरल्या. हंडा नव्हता हातात. दोन्ही रांगांच्या मधून सरळ आमच्या चाळीत शिरल्या. आमच्या जिन्याला त्यांचा पाय कधी लागला नव्हता. एका एका पायरीला थांबत, गुडघ्यावर हात टेकत वर आल्या आणि माझ्या दारात उभ्या राहिल्या. खाली नळ वाहत होता, हंडे भरून सांडत होते, तरी कुणाचं लक्ष नव्हतं.

मी उठले. म्हटलं, "सुमनला काय झालं?"

"सुमनाक काय नाय. ती तुझी वाट बघता." मग त्या माझ्या उंबरठ्यावर बसल्या. घरात सोयर नव्हतं, सुतक नव्हतं. सकाळी देवपूजा करून आलेल्या असणार, कपाळाचं कुंकू ओलं होतं. त्यांनी लुगडं वर सारलं आणि दोन्ही पाय माझ्या खोलीत, आतल्या बाजूला लांब केले.

"माझे पाय दुखतत गो भागा. चोळ."

मी वळले आणि फळीवरची तेलाची वाटी काढू लागले. काकूंनी मला थांबवलं.

"तेल मागीर," त्या म्हणाल्या. "आधी तो तुझो सुको आंगठो लाव."

मी हात पुसले. त्यांच्या नडगीवर अंगठा ठेवला आणि दाबला. मधे तेल नव्हतं, काहीच नव्हतं. दहापर्यंत मोजायचं असतं, पण त्या दिवशी मी मोजणं विसरले. बऱ्याच वेळाने अंगठा उचलला. कातडी लगेच वर आली.

"काही नाही काकू," मी म्हटलं. "नुसतं वय झालंय."